एका बोटाचं कुंकू

ज्या दिवशी समरानं कमलम्मांच्या घरी ते दिव्यांचं मशीन बसवून दिलं, त्या दिवशी ती स्वतःवर भलतीच खूश होती. विजापूर वेशीतल्या आपल्या दुकानापर्यंत ती स्कूटीवर गुणगुणत आली, आणि शेजारच्या चहावाल्याला त्यानं न विचारताच सांगून टाकलं की अख्ख्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, असं मशीन कुणाकडं नाही. तीच समरा पाच आठवड्यांनी, दसऱ्याच्या सकाळी, कानाला फोन लावून दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. फोनवर कमलम्मांचा मुलगा युवराज बोलत होता, पण त्याच्या आवाजापेक्षा मागून येणारी शिट्टी तिला जास्त स्पष्ट ऐकू येत होती. एकसुरी, जराशी थांबून पुन्हा सुरू होणारी.

"मशीन चालू केल्यापासनं असंच वरडतंय बघा," युवराज म्हणाला. "अम्मा म्हणत्यात, पूजा मानवली न्हाय त्याला."

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची की. काल सगळी मशीनं बंद ठेवून पूजा केली. ह्याची पण केली."

समरा पायरीवरून ताडकन उठली. "प्लग काढा," ती म्हणाली. "कसलंही बटण दाबू नका. सरळ भिंतीतला प्लग काढा, मी आलेच."

शिट्टी बंद झाली. पण ती तिच्या कानातून काही जाईना.

आता एका यंत्राच्या शिट्टीला एवढं काय घाबरायचं, असं कुणी म्हणेल. तर त्याला आधी कमलम्मा कोण ते सांगायला हवं. कमलम्मा येमूल, वय वर्षं सदुसष्ट. घर पूर्व भागात, खाली आठ मागांचा कारखाना आणि वर नक्षीची खोली. चादरीवर जे मोर, हंस, कमळं आणि वेलबुट्ट्या दिसतात, त्या आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढाव्या लागतात. ते काम ही बाई पंधराव्या वर्षापासून करत होती. संगणक आला तेव्हा बरोबरीच्या माणसांनी हात टेकले, पण कमलम्मांनी माऊस हातात घेतला आणि आठ वर्षं बसून आपली प्रत्येक जुनी नक्षी पुन्हा चौकोन-चौकोन करत संगणकात उतरवली. तीन हजार एकशे चाळीस नक्ष्या. मग माळ्यावरचे कागद वाळवीनं खाल्ले तेव्हा त्यांनी डोळ्यांतून टिपूससुद्धा काढलं नाही. "संगणकात हाय की सगळं," म्हणाल्या.

जुना संगणक म्हातारा झाला म्हणून समराला बोलावलं होतं. काम तसं सरळ होतं. एका बंद पडलेल्या कचेरीतलं दणकट वर्कस्टेशन आणायचं, त्यात मोठ्या डिस्क घालायच्या आणि ते घरातल्या सगळ्या यंत्रांना वायरीनं जोडायचं, की खालचे माग आणि वरचे दोन्ही संगणक तिथूनच नक्ष्या उचलणार. प्रश्न एकच होता, आणि तोच नडला. डिस्क जोडायच्या कशा?

पहिला रस्ता साटाचा. साटा म्हणजे घरोघरच्या संगणकात असते ती चपटी केबल. दोन डिस्क लावायच्या आणि दोन्हींवर तेच लिहायचं. एक मेली तर दुसरी काढून गल्लीतल्या कुठल्याही संगणकाला लावा, उघडते. दुसरा रस्ता सॅसचा. मोठ्या कचेऱ्यांतल्या जाडजूड डिस्क, त्यांचं वेगळं कार्ड, मशीनच्या तोंडाशी चार कप्पे, कप्प्यांत ओढून काढता येणारे चार डबे आणि डब्याडब्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. चौघी मिळून माहिती वाटून घेतात. एक गेली तरी बाकीच्या तिघी तिची उणीव भरून काढतात. मात्र कुठला तुकडा कुणाकडं, हे फक्त ते कार्ड जाणतं, आणि तेही प्रत्येकीनं आपली जागा सोडली नाही तरच. (यूएसबीचा बाहेरचा डबा हा तिसरा रस्ताही होता, पण झाडू मारताना जिची वायर निसटते ती वस्तू कमलम्मांच्या घरात ठेवण्यात अर्थ नव्हता.)

समराला हे शिकवलं कासीमचाचांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, बिडी सोडून पंधरा वर्षं झाली तरी खिसा चाचपणारा माणूस. त्यांचं म्हणणं साफ होतं. "डिस्क अशी लाव की उद्या मी मेलो, तू मेलीस, तरी रस्त्यावरच्या कुणालाही ती उघडता यावी. साटा लाव, बेटा."

पण समराच्या दुकानात तेव्हा एका कचेरीतून काढलेलं ते सॅसचं कार्ड आणि वापरलेल्या डिस्कांसकट चार डब्यांचा पिंजरा नुकताच आला होता. असलं काम शहरात कुणी केलेलं नव्हतं, आणि आपण करून दाखवावं अशी तिला भारी खुमखुमी होती. तिनं कमलम्मांना दोन्ही रस्ते सांगितले खरे, पण सांगताना कुठल्या रस्त्यावर आवाज चढतो ते तिचं तिलाही कळत होतं. कमलम्मांनी सगळं ऐकून एकच विचारलं.

"दिवं लागत्यात ते कुटलं?"

"सॅसचं, अम्मा. चार हिरवे दिवे."

"मग तेच बसव. चालू हाय का बंद, एवढं मला कळाय पायजे."

असं का, हे समरानं विचारलं नाही. गिऱ्हाईक आणि आपण एकाच बाजूला आहोत म्हटल्यावर विचारतो कोण? तिनं मशीन बसवलं. डब्यांवर एक ते चार आकडे लिहायचे होते, पक्क्या शाईचं पेन वाळलेलं होतं, म्हणून फळ्यावर लिहायच्या पेनानं लिहिले आणि नंतर नीट लिहू म्हणाली. नक्ष्या नव्या मशीनमध्ये उतरवल्या आणि युवराजला बजावलं की जुना संगणक दिवाळीपर्यंत बाजूला ठेवा. कशासाठी ठेवा, ते सांगितलं नाही. घट बसायच्या आधी घर धुऊन काढतात, तेव्हा अडगळीबरोबर तो संगणकही भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. हे तिला आठवड्यानं कळलं. दिवाळीत एक वेगळी प्रत करून ठेवू, असं तेव्हा ती स्वतःलाच म्हणाली होती.

म्हणून त्या सकाळी झेंडूच्या ढिगांमधून तिनं स्कूटी हॉर्न वाजवतच काढली. तीन हजार एकशे चाळीस नक्ष्या आता जगात फक्त एका ठिकाणी होत्या.

ती जिना चढून वर गेली. नक्षीची खोली लख्ख झाडलेली होती. मशीनला झेंडूचा हार, समोर रांगोळी, आणि चारही डब्यांच्या तोंडावर हळदीची रेघ आणि तिच्यावर कुंकवाचं बोट. डबे इतके स्वच्छ पुसले होते की तिच्या आकड्यांचा मागमूस नव्हता. शेजारी स्टुलावर कमलम्मा बसल्या होत्या, नव्या कडक इरकल साडीत, हात मांडीवर घट्ट धरून.

"अम्मा, हे डबे बाहेर काढले होते?"

"व्हय की. खंडेनवमीला मागातला धोटा काढतो न्हाय का, तसंच."

धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावतो, ज्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत असतं, तो. खाली आता बिनधोट्याचे नवे माग होते, पण सासूच्या काळातले धोटे कमलम्मांनी जपून ठेवले होते. दर खंडेनवमीला ते पुसून पाटावर मांडायचे, हळदीकुंकू लावायचं, फूल वाहायचं. कालही मांडले होते. मग मशीनचे हे चार डबे त्यांना दिसले, धोट्यासारखेच सरकून बाहेर येणारे, आणि ज्यात आपलं सगळं आहे त्यांना कुंकू लावायचं नाही, हे त्यांच्या मनाला पटलं नाही.

"आणि परत घालताना ज्याच्या त्याच्या जागी घातले?"

"धोट्याला कुटली आली जागा?" कमलम्मा म्हणाल्या. "धोटा कुटल्या बी मागात चालतो."

समरा गुडघे टेकून मशीनच्या मागची वायर शोधू लागली.

नेमकं काय होतंय ते पाहण्यासाठी तिनं प्लग लावला आणि बटण दाबलं. तीन डिस्कांचा सूर लागला. चौथी मात्र उठताना कण्हली, दाताखाली खडा आल्यासारखा आवाज करत, आणि बऱ्याच वेळानं फिरायला लागली. मग शिट्टी. पडद्यावर कार्डानं इंग्रजीत विचारलं होतं, त्याचा अर्थ एवढाच की डिस्क ओळखीच्या जागी नाहीत, ही नवी मांडणी मान्य करू का? हो म्हटलं की कार्ड चुकीच्या जागांनाच खरं मानणार आणि आपली माहिती त्यांच्यावर लिहीत सुटणार. मग नक्ष्या संपल्या. समरानं प्लग ओढला आणि कासीमचाचांना फोन लावला.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या 'हो'ला हात नक्को लगा," ते म्हणाले. "डबे योग्य जागी बसले तर कार्ड काही विचारणारच नाही, गुपचूप चालू होईल. जागा बदलून बघायला हरकत नाही. आकडे कुठं लिहिलेत?"

"पुसले गेले, चाचा. फळ्याच्या पेनानं लिहिले होते."

पलीकडून खिसा चाचपल्याचा आवाज आला. "चार डब्यांच्या चोवीस तऱ्हा होतात," चाचा म्हणाले. "आणि ती एक कण्हतेय म्हणतेस. एरवी तिघींवर भागलं असतं, पण कोण कुठली तेच माहीत नाही म्हटल्यावर चौघीही हव्यात. दहा वर्षं जवळपास न थांबता फिरलेली डिस्क आहे ती. अजून दोनदा उठेल, तीनदा उठेल. चोवीसदा नाही उठायची."

"दुसऱ्या संगणकाला लावून आधी प्रत काढली तर?"

"कशी लावशील? सॅसची डिस्क साटाच्या केबलला बसतच नाही, मधली खाच भरलेली असते. म्हणून तर म्हणत होतो..." मग त्यांनी विषय बदलला. "साधं सॅसचं कार्ड पुण्याहून यायला चार दिवस. तोवर ती गार पडून चिकटली तर मग कार्डाचं काय लोणचं घालायचं? आज उठतेय. जे करायचं ते आज कर, आणि विचार करून कर."

समरानं फोन खाली ठेवला. तिला भीती वाटत होती, सरळ साधी भीती, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. साटा लावलं असतं तर एव्हाना एक डिस्क काढून लॅपटॉपला जोडली असती आणि चहा पीत बसली असती. स्वतःच्या हौसेपायी तिनं एका बाईचं सगळं आयुष्य एका कुलपात घातलं होतं, आणि किल्लीचा आकडा फळ्याच्या पेनानं लिहिला होता.

"माझ्या नक्ष्या हायेत का गं त्यात?" कमलम्मांनी विचारलं.

"आहेत, अम्मा. पण बाहेर येतील की नाही, सांगता येत नाही. चूक तुमची नाही. माझी आहे."

"चूक कुनाची ते मागनं बघू," कमलम्मा म्हणाल्या. "मला त्या परत काढता येणार न्हाईत. एक बी."

वय झालंय म्हणून म्हणत असतील, असं समराला वाटलं. तिनं एकेक डबा अलगद ओढून खिडकीतल्या उन्हात मांडला. कुठं एखादा ओरखडा, शाईचा डाग, काहीतरी खूण राहिली असेल म्हणून ती वाकून पाहू लागली. खूण कुठलीच नव्हती. नुसतं कुंकू. एका डब्यावर लालभडक, जाड. एकावर त्याहून जरा कमी. एकावर आणखी कमी. आणि एकावर इतकं फिकं की हळदीतून जेमतेम दिसत होतं.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "कुंकू लावताना प्रत्येक वेळी बोट बुडवलं होतं?"

"न्हाय. एकदा बोट बुडवायचं, चार धोट्यांना लावायचं, मग परत बुडवायचं. आमच्यात असंच. सासूबाईंनी घालून दिलंय. चारचं एक घर, म्हनायच्या."

"आणि पाटावर कसे मांडले होते? जसे काढले तसेच?"

"जसं काढलं तसंच, एकाला लागून एक. आनि त्याच रांगेनं कुंकू लावलं."

समरानं चारही डबे गडद ते फिका असे ओळीनं लावले. म्हणजे सगळ्यात गडद तो पहिला काढलेला, सगळ्यात फिका तो शेवटचा. चोवीसांतली एकच तऱ्हा उरली होती. मधल्या दोघांत फरक फार थोडा होता, म्हणून ती ते डबे कितीतरी वेळ उन्हात फिरवत राहिली. मग तिनं मनाशी ठरवलं. गडद डबा डावीकडून पहिल्या कप्प्यात, मग त्याहून फिका, मग तिसरा, मग अगदी फिका. कण्हणारी डिस्क कुठली ते तिनं मघाशीच आवाजावरून हेरलं होतं, ती तिसरी आली.

तिनं मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं. तीन सूर. मग तो खडा चावल्याचा आवाज, मघापेक्षा लांब, मघापेक्षा खोल. दाराशी उभा असलेला युवराज पुढं वाकून ऐकू लागला. डिस्क उठली. आणि शिट्टी सुरू झाली.

समरानं प्लग ओढला. मधले दोन उलटे झाले असतील? की कुंकवाचा हिशेबच खोटा? पुन्हा उठवायचं तर ती डिस्क उठेल? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कमलम्मांनी पाहू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं. कमलम्मा तिच्याकडं पाहत होत्या, पण त्यांची नजर तिच्या खांद्याच्या जराशी पलीकडं लागलेली होती.

"अम्मा, डबे काढताना सुरुवात कुठून केली?"

"कडंनं."

"कुठल्या कडेनं?"

"डावीकडनंच की," युवराज मध्येच म्हणाला. "अम्मा रांगोळी बी डावीकडनंच घालत्यात."

कमलम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "युवराज, खालनं पानी आन रं. माठातलं. फ्रीजमधलं नको."

तो उतरला. जिन्यावरची त्याची पावलं पार तळाला जाईपर्यंत त्या थांबल्या.

"उजवीकडनं," त्या म्हणाल्या. "डावीकडचं मला दिसत न्हाय गं. दोन वरसं झाली. कडंकडंनं अंधार येतोय. आता मधलं बी धुरकट झालंय. डॉक्टर म्हनला, गेलेलं परत येनार न्हाय, राहिलंय तेवढं टिकवू. म्हनून तर तुला दिवं पायजेत म्हनलं. तेवढंच कळतं मला, हिरवं लुकलुकलं की."

समरानं डब्यांवरच्या विझलेल्या दिव्यांकडं पाहिलं. त्या दिवशी तिनं का म्हणून विचारलं असतं, तर या चार दिव्यांच्या जागी रुपयाभराचा एक हिरवा दिवा पुरला असता.

"मग या वर्षीच्या नक्ष्या?"

"एक बी काढली न्हाय. जुनी उघडून बसते, माऊस हलवत ऱ्हाते. नक्षी पाठ हाय, म्हनून कुनाला कळत न्हाय." त्यांचा आवाज इतका खाली गेला की समराला वाकावं लागलं. "युवराजला सांगू नकोस. मला खुर्चीवरनं उठवंल तो, मायेनंच उठवंल. मग मी कुटं बसू?"

पावलं जिन्यावर परत वाजू लागली. समरानं डब्यांच्या जागा उलट्या केल्या. अगदी फिका डावीकडं, गडद उजव्या टोकाला. मधले दोघं तिनं पुन्हा एकदा उन्हाला धरले. खात्री होत नव्हती, पण खात्रीची वाट बघायला आता वेळ कुठला होता? युवराज तांब्या घेऊन दारात थांबला. तिनं बटण दाबलं.

तीन सूर लागले. चौथी कण्हायला लागली, कण्हत राहिली, आणि मग एकदम गप्प झाली. खोलीत त्या तीन सुरांखेरीज काहीच ऐकू येईना. खालच्या बंद मागांचीसुद्धा शांतता वर चढून आल्यासारखी वाटली. समराच्या मनात आलं, मेली. मी मारली. त्याच क्षणी खडखड झाली, आणि हळूहळू, फार हळूहळू, चौथा सूर बाकीच्या तिघींना येऊन मिळाला.

एक दिवा लागला. दुसरा. तिसरा. चौथा. शिट्टी झाली नाही. कार्डानं काहीच विचारलं नाही.

"लागलं," कमलम्मा म्हणाल्या. त्यांना दिसलं होतं.

समराला हसूही आलं नाही, इतकी ती घाबरलेली होती. आता कुठं खरी घाई होती. तिनं पिशवीतून आणलेली साधी साटाची नवी डिस्क मशीनच्या पोटात सैल पडलेल्या केबलला, डबे बाहेर असतानाच, जोडून ठेवली होती. तिनं प्रत काढायला सुरुवात केली. पडद्यावर आकडा चढू लागला, शेकडा चार, शेकडा सहा. खालून पुरणाचा वास येत होता, पण जेवायचं नाव कुणी काढलं नाही. मध्येच कण्हणं ऐकू यायचं आणि तिघंही एकदम मान वर करायचे. कमलम्मांचे यजमान पाहुण्यांकडं आपट्याची पानं द्यायला निघताना वर डोकावले आणि तिघांचे चेहरे बघून तसेच उतरून गेले. शेकडा चाळीस. शेकडा साठ. समरानं हात मांडीखाली दाबून धरले होते, कारण हात मोकळे ठेवले की कुठलं तरी बटण दाबायची भीती वाटत होती.

शेकडा एक्क्याऐंशीला ठक् असा आवाज झाला. एक हिरवा दिवा विझला आणि शिट्टी सुरू झाली.

युवराज दोन पावलं पुढं आला. समरा उठून उभी राहिली आणि पडद्याला नाक लावून पाहू लागली. आकडा थांबला होता. एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ब्याऐंशी झाले होते.

"चालू आहे," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. "ती गेली. पण आता जागा कळल्यात, बाकीच्या तिघी तिचं भरून काढतायत. फक्त आणखी एक जायला नको."

पुढचा तास त्या शिट्टीखाली गेला. बंद करता आली असती, पण काही म्हणजे काही दाबायला समरा तयार नव्हती. शेवटी शंभर झाले. तिनं चारही डबे ओढून काढले, कार्ड उपटून पिशवीत टाकलं, आणि फक्त त्या साध्या डिस्कवर मशीन पुन्हा चालू केलं. नक्ष्यांची यादी उघडली. तीन हजार एकशे चाळीस. तिनं मोजणी दोनदा वाचली. मग तिथंच बसल्या बसल्या दोन प्रती आणखी काढायच्या, एक घरात, एक घराबाहेर, असं बोटावर मोजून युवराजला सांगितलं, आणि या वेळी कशासाठी तेही सांगितलं.

कमलम्मा मशीनसमोर येऊन उभ्या राहिल्या. चार कप्प्यांची चार भोकं काळी दिसत होती.

"दिवं गेलं व्हय?"

"गेले, अम्मा. साध्याला दिवे नसतात. मी एक मोठा हिरवा दिवा लावून देईन, उद्याच. तोवर..." समरानं त्यांचा हात धरला आणि मशीनच्या पत्र्यावर ठेवला. पत्रा कोमट होता आणि आतून बारीक थरथरत होता.

कमलम्मांनी तळहात पसरून तसाच ठेवला. युवराज हार काढायला पुढं झाला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"युवराज," मग त्या म्हणाल्या, "खुर्चीवर बस."

"मी?"

"बस म्हनते न्हवं. सत्तावीस नंबर उघड. हंसाची नक्षी. मी अठरा वरसांची असताना काढलेली. डावीकडच्या हंसाच्या चोचीत एक चौकोन भरायचा राहिलाय. तवा कागद खाली मागावर गेला होता, मग तसाच ठेवला, संगनकात बी तसाच ठेवला. सगळं नीट आलंय का, ते त्याच्यावरनं कळंल. हाय का बघ."

युवराज खुर्चीवर बसला. त्यानं नक्षी मोठी केली, आणखी मोठी केली, चोच पडदाभर आली. काळ्या चौकोनांच्या मधोमध एक पांढरा चौकोन होता. तो पडद्यावरून कमलम्मांकडं वळला. अम्मा पडद्यापासून हातभर अंतरावर उभी होती, डोळे उघडे होते, आणि ती पडद्याकडं बघतच नव्हती. त्यानं समराकडं पाहिलं. समरानं मान खाली घातली.

"हाय, अम्मा," तो शेवटी म्हणाला. "तुला... तुला न्हाय दिसत?"

कमलम्मांनी पत्र्यावरचा हात उचलला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी खुर्चीची पाठ चाचपली, मग त्याचा खांदा, आणि तो सापडल्यावर तिथंच ठेवला.

"न्हाय रं," त्या म्हणाल्या. "आता तूच बघत जा."